औषध म्हणून दिलेली व्हिस्की : मधुमेह, इन्सुलिन आणि मद्य यांचा शतकभराचा इतिहास

१/
इ.स. १९१५. अमेरिकेतील बॉस्टन शहर, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. मधुमेहाचा रुग्ण दाखल होतो. पहिले दोन दिवस त्याला नेहमीचे जेवण मिळते. त्यानंतर अन्न बंद. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत, दर दोन तासांनी, बिनदुधाची कॉफी आणि तिच्यात एक औंस, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर व्हिस्की. दिवसातून सात वेळा. ही कुणा भोंदू वैदूची शक्कल नव्हती. त्या काळातील सर्वांत प्रगत समजल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीच्या छापील पुस्तकात ही मात्रा दिलेली आहे.

२/
आज इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने उपाशीपोटी एवढे मद्य घेतले, तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. मद्य तेच, यकृत तेच, आजारही तोच. मग मधल्या काळात बदलले काय? मधुमेह्याला दारू लिहून देणारे वैद्यकशास्त्र तिच्याविषयी सावध कसे झाले आणि तसे व्हायला चाळीसहून अधिक वर्षे का लागली, याचा मागोवा आजच्या धाग्यात घेऊ. धागा लांब आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात मधुमेह आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

३/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपण खाल्लेल्या पिष्टमय अन्नाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. ती रक्तातून पेशींत शिरावी यासाठी स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन लागते. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखरेचा पूर आणि पेशी मात्र उपाशी, अशी विचित्र अवस्था होते. एकोणिसाव्या शतकात हे कारण कुणालाच ठाऊक नव्हते. लघवीतून साखर जाते आणि माणूस झिजत जातो, एवढेच दिसत होते. लहान मुलाला हा आजार जडला, तर तो बहुधा एक-दोन वर्षांचाच सोबती उरे.

४/
या कथेतील खरे मुख्य पात्र मात्र यकृत आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४८ पासूनच्या प्रयोगांतून दाखवून दिले, की यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते. १८५७ मध्ये त्यांनी यकृतातील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा काढला. आपण रात्री आठ-आठ तास काही खात नाही, तरी मेंदूला साखर मिळत राहते ती या कोठारामुळे. कोठार रिकामे होऊ लागले, की यकृत इतर पदार्थांपासून नवी साखर घडवते. यकृताची ही दोन कामे लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्यांच्याभोवती फिरतो.

५/
आता पॅरिसला जाऊ. सप्टेंबर १८७० ते जानेवारी १८७१ या काळात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता. शहरात अन्नाची टंचाई झाली. आपोलिनेर बुशार्दा या वैद्याच्या लक्षात आले, की उपासमारीच्या त्या महिन्यांत त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाली. कमी खावे, पिष्टमय पदार्थ टाळावेत, भरपूर हालचाल करावी, असा आग्रह ते धरत. पाव सोडू न शकणाऱ्या फ्रेंच रुग्णांसाठी त्यांनी पिष्ट काढून टाकलेल्या ग्लूटेनचा पावही पुढे आणला. आणि ताटातून काढलेल्या पिष्टाची उणीव भरून काढायला त्यांनी दोन गोष्टींना मुभा दिली : स्निग्ध पदार्थ आणि वाइन.

६/
वाइनच का? यामागे शुद्ध हिशेब होता. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे ७. कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या वाइनमधील द्राक्षसाखर आंबवण्याच्या क्रियेत बहुतांशी संपलेली असते. शिवाय अल्कोहोलचे ज्वलन मुख्यतः यकृतात होते आणि त्याला इन्सुलिनची गरज नसते. म्हणजे साखर न वाढवता ऊर्जा देणारा पदार्थ हाती आला होता! ज्या आजारात बहुतेक अन्न विष ठरत होते, त्यात मद्य हे वैद्याला ‘निर्धोक अन्न’ वाटले, यात नवल नाही.

७/
हाच विचार टोकाला नेला तो डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणाऱ्या ॲलन यांनी १९१४-१५ च्या सुमारास उपासाची पद्धत रूढ केली. लघवीतील साखर पूर्ण नाहीशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे. मग तोलूनमापून, अगदी जेमतेम जगण्यापुरते अन्न द्यायचे. या पद्धतीने मुले काही महिने, कधी काही वर्षे अधिक जगली; पण हाडांचे सापळे होऊन. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ही ॲलन यांची रुग्ण होती. १९२२ च्या उन्हाळ्यात, पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिचे वजन जेमतेम २० किलो उरले होते.

८/
पहिल्या परिच्छेदातील व्हिस्की याच पद्धतीतली. लुईस वेब हिल आणि रीना एकमन यांनी १९१५ मध्ये या उपचाराची हातपुस्तिका काढली, तिच्यात ही मात्रा आहे. लेखकांचा प्रामाणिकपणा नोंदवायला हवा : व्हिस्की हा उपचाराचा अनिवार्य भाग नाही, तिच्यातून थोडी ऊर्जा मिळते आणि उपाशी रुग्णाला जरा बरे वाटते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नको असेल त्याला पातळ सूप द्यावे, अशी सोयही त्यांनी सांगितली. ज्याला खायला काहीच देता येत नाही, त्याला दिलेला तो दिलासा होता.

९/
आता कळीचा प्रश्न. उपाशी माणसाला दिवसातून सात वेळा व्हिस्की देऊनही तेव्हा त्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या का घसरली नाही? कारण सोपे आहे. त्याच्या शरीरात इन्सुलिन फारच थोडे होते आणि बाहेरून ते देण्याची सोय नव्हती. त्याच्या रक्तात साखरेचा तुटवडा नव्हे, अतिरेक होता. मद्याने यकृताच्या साखरनिर्मितीला थोडा लगाम घातला असलाच, तरी त्यातून अपाय दिसण्यासारखी स्थिती नव्हती. मद्याचा हा गुण अस्तित्वात होता. तो उघडा पडेल अशी परिस्थिती मात्र अजून जन्मली नव्हती.

१०/
मध्येच एक मजेशीर वळण. जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी आली. पण औषध म्हणून मद्य लिहून देण्याचा डॉक्टरांचा हक्क कायद्याने राखला. एका रुग्णाला दहा दिवसांत जास्तीत जास्त एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर मद्य. चिठ्ठी दाखवावी आणि औषधाच्या दुकानातून बाटली घ्यावी! मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ याच्यापासून चालत आलेल्या परवान्यांच्या पद्धतीतूनच आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणारी ‘परमिट रूम’ ही पाटी आली आहे. मद्याला औषधाचा दाखला देण्याची रीत कायद्यांनीही जपली.

११/
आणि मग कॅनडातील टोरांटो. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढून मधुमेही कुत्र्यांना टोचला. साखर उतरली. पण अर्क अशुद्ध होता. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम देण्यात आला, तेव्हा फायदा किरकोळ झाला आणि टोचल्या जागी गळू आले. प्रयोग थांबवावा लागला.

१२/
अडचण सोडवली जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने. आणि कशाच्या मदतीने? अल्कोहोलच्या! अल्कोहोलचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले, तर अर्कातील नको असलेली प्रथिने आधी साका होऊन खाली बसतात, इन्सुलिन मात्र विरघळलेलेच राहते. प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले, की इन्सुलिनही खाली बसते आणि वेगळे काढता येते. २३ जानेवारीला कॉलिप यांचा शुद्ध अर्क लेनर्डला दिला गेला आणि या वेळी साखर खरोखर उतरली. ज्या पदार्थाशी इन्सुलिनचे पुढे वैर ठरणार होते, त्याच पदार्थाने इन्सुलिनला जगात आणले.

१३/
परंतु कॉलिप यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली होती. ते अर्काची ताकद निरोगी सशांवर तपासत. मात्रा जास्त झाली, की ससे आधी अस्वस्थ होत, मग त्यांना आचके येत आणि ते निपचित पडत. ग्लुकोज टोचले, की काही मिनिटांत उठून बसत. इन्सुलिनचे पहिले ‘युनिट’ या सशांवरच बेतले गेले : सशाची रक्तशर्करा आचके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे एक युनिट. आज सिरिंजवर जो आकडा आपण सहज वाचतो, त्याच्या जन्मातच ही धोक्याची सूचना दडलेली आहे.

१४/
माणसांतही हेच घडले. टोरांटोचे डॉक्टर फ्लेचर आणि कॅम्पबेल यांनी १९२२ मध्येच साखर फार उतरल्यावर दिसणाऱ्या लक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले. अचानक भूक, घाम, थरथर, भीती. मग भावनांवरचा ताबा सुटणे, बोलणे अडखळणे, भान हरपणे. यालाच हायपोग्लायसेमिया म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘शुगर लो होणे’. रुग्ण संत्र्याचा रस किंवा गोळ्या-मिठाई जवळ बाळगू लागले. मधुमेह्याने साखर खिशात ठेवायची, हा विरोधाभास त्या पिढीला पचवावा लागला.

१५/
वरची लक्षणे पुन्हा एकदा वाचा. अडखळते बोलणे, झोकांड्या, विनाकारण चिडणे किंवा हसणे, मग सुन्न होणे. रस्त्यावरच्या माणसाला हे पाहून काय वाटेल? ‘जास्त झाली वाटते!’ शुगर लो झालेला माणूस आणि झिंगलेला माणूस बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. आपण मधुमेही आहोत, बेशुद्ध आढळल्यास साखर द्यावी, अशा मजकुराचे ओळखपत्र खिशात ठेवण्याची प्रथा त्यामुळेच पडली. पण त्या माणसाने खरोखरच दोन पेले घेतले असतील तर? तोंडाला वास येत असेल, तर ओळखपत्र शोधायला खिशात हात कोण घालणार?

१६/
या टप्प्यावर रॉबिन लॉरेन्स यांना भेटायला हवे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील हे तरुण डॉक्टर स्वतः मधुमेही. मरण जवळ आले आहे असे समजून ते इटलीतील फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये इन्सुलिन लंडनला पोहोचल्याची तार सहकाऱ्याने पाठवली. खंगलेल्या अवस्थेत स्वतः मोटार हाकत ते परतले, वाचले आणि पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. १९२५ मध्ये त्यांनी रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी पुस्तक लिहिले. १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह मधुमेह्यांची संघटना उभारली. रुग्णाने आपल्या आजाराचा कारभार स्वतः चालवावा, हा त्या काळी नवा असलेला विचार त्यांनी रुजवला.

१७/
पण कारभार चालवायला हिशेब दिसावा लागतो, आणि तिथेच अडचण होती. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत आपण केलेली बेनेडिक्टची चाचणी आठवते? निळे द्रावण तापवायचे. साखर असेल तर हिरवे, पिवळे, विटकरी होते. अनेक दशके मधुमेही घरोघरी लघवीवर हीच चाचणी करत. ती साखरेचा अतिरेक दाखवते. तुटवडा दाखवतच नाही. द्रावण निळे राहिले तर साखर योग्य आहे की जीवघेणी कमी आहे, हे कळायला मार्ग नव्हता. रक्तशर्करा पाहण्याच्या पट्ट्या १९६० च्या दशकात आल्या आणि घरच्या घरी रक्त तपासण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली.

१८/
दरम्यान इन्सुलिनही बदलले. सुरुवातीचे इन्सुलिन काही तासांत ओसरे. दिवसातून अनेकदा टोचावे लागे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियान हागेडोर्न यांनी प्रोटामिन हे प्रथिन मिसळून दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन प्रसिद्धीस आणले. रुग्णांची सुयांपासून मोठी सुटका झाली. पण आता इन्सुलिन रात्रभर, माणूस झोपेत असतानाही, काम करत राहू लागले. जागेपणी घाम आणि थरथर यांनी सावध होणारा माणूस गाढ झोपेत सावध होईलच असे नाही. संध्याकाळच्या मैफलीनंतरच्या झोपेत तर नाहीच.

१९/
मद्य आणि रक्तशर्करा यांचा धागा जुळला तो मात्र मधुमेह नसलेल्या माणसांमुळे. १९४१ मध्ये ब्राउन आणि हार्वी या अमेरिकी डॉक्टरांनी गरीब, बेघर मद्यपींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. औद्योगिक वापराचे स्वस्त अल्कोहोल पिणारी ही माणसे बेशुद्ध अवस्थेत आणली जात आणि त्यांची रक्तशर्करा अतिशय उतरलेली असे. इन्सुलिन कुणीही टोचलेले नव्हते! हा दोष त्या दारूतील भेसळीचा, की खुद्द मद्याचा? प्रश्न वीसेक वर्षे अधांतरी राहिला.

२०/
१९६३ मध्ये नॉर्बर्ट फ्रेंकेल आणि सहकाऱ्यांनी त्याचा निकाल लावला. काही दिवस उपाशी राहिलेल्या स्वयंसेवकांना त्यांनी शुद्ध अल्कोहोल दिले आणि साखर घसरण्याचा तोच प्रकार प्रयोगशाळेत घडवून दाखवला. भेसळ निर्दोष सुटली. आरोपी खुद्द मद्य होते, आणि त्याचा साथीदार उपास. बॉस्टनच्या त्या जुन्या हातपुस्तिकेत जी जोडी उपचार म्हणून एकत्र आली होती, तीच ही जोडी.

२१/
हे घडते कसे? यकृत अल्कोहोलचा निचरा करण्याला अग्रक्रम देते. त्या क्रियेत एनएडी नावाचा सहायक रेणू मोठ्या प्रमाणावर खर्ची पडतो. नवी साखर घडवण्यासाठीही यकृताला तो हवा असतो. मद्याने तो अडवून ठेवला, की साखरेचा कारखाना मंदावतो. कोठारात ग्लायकोजेन शिल्लक असेपर्यंत निभावते. जेवण चुकलेले असेल, खूप नाचणे-चालणे झालेले असेल, कोठार रिकामे असेल, तर रक्तात साखर येण्याचे दोन्ही मार्ग बंद. निरोगी माणसाचे शरीर अशा वेळी निदान स्वतःचे इन्सुलिन आवरते. टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. ते आपले काम करतच राहते.

२२/
याची किंमत किती, ते १९६८ मध्ये समोर आले. रोनाल्ड आर्की आणि सहकाऱ्यांनी इन्सुलिन घेणाऱ्या पाच रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. मद्यपानानंतर सर्वांची साखर गंभीररीत्या घसरली होती. दोघे दगावले. उरलेल्या तिघांच्या मेंदूला कायमची इजा झाली. साखर देऊन रक्तातील आकडा सुधारता आला. दीर्घकाळ साखरेवाचून राहिलेला मेंदू मात्र पूर्ववत झाला नाही. इन्सुलिन रुग्णाला मिळाल्यापासून ४६ वर्षे लोटली होती.

२३/
तातडीच्या उपचारातही मद्य आडवे येते. ग्लुकागॉन हे संप्रेरक १९२३ मध्येच ओळखले गेले होते आणि १९६० च्या दशकात ते औषध म्हणून वापरात आले. बेशुद्ध मधुमेह्याला घरच्या माणसाने टोचावे, असे हे औषध. पण ते स्वतः साखर आणत नाही. यकृताच्या कोठाराचे दार उघडते. उपास आणि मद्य यांनी कोठारच रिकामे केलेले असेल, तर दार उघडून हाती काय लागणार? अशा वेळी ग्लुकागॉनवर विसंबून न राहता रुग्णालय गाठावे लागते, ते यासाठी.

२४/
हा प्रश्न न्यायालयातही पोहोचला. इंग्लंडमधील एका मनोरुग्णालयातील मधुमेही परिचारकाने रुग्णाला मारहाण केली. त्या दिवशी सकाळी त्याने ठरलेले इन्सुलिन घेतले होते, नंतर व्हिस्की आणि रम घेतली होती आणि अन्न जवळपास घेतलेच नव्हते. आपल्याला काही आठवत नाही, असे त्याचे म्हणणे. हे वेड समजायचे काय? १९७३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले, की इन्सुलिनने घडलेली ही अवस्था मनाचा रोग नव्हे, बाहेरून आलेल्या कारणाचा परिणाम आहे. आणि शिक्षा रद्द केली. त्याच वेळी बजावले, की मद्य घेऊन किंवा जेवण चुकवून स्वतःच ओढवून घेतलेली बेभान अवस्था दर वेळी बचाव ठरणार नाही.

२५/
शेवटचा दुवा २००१ चा. ब्रिटनमधील संशोधकांनी टाइप १ मधुमेह असलेल्या सहा पुरुषांना एका रात्री जेवणानंतर वाइन आणि दुसऱ्या एका रात्री फक्त पाणी दिले. रात्रभरात दोन्ही वेळच्या साखरेत मोठा फरक दिसला नाही. फरक पडला दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीनंतर : वाइनच्या रात्रीनंतर सहापैकी पाच जणांची साखर उपचार करावा लागण्याइतकी घसरली, पाण्याच्या रात्रीनंतर एकाचीही नाही. म्हणजे धोका पेला रिकामा झाल्यावर संपत नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत रेंगाळतो.

२६/
आता डॉक्टर जे नियम सांगतात, ते या इतिहासाच्या प्रकाशात पाहा.
• उपाशीपोटी मद्य नको, जेवण चुकवायचे नाही : हा १९६३ चा धडा.
• झोपण्यापूर्वी साखर तपासावी, ती उतरणीला असेल तर काही खाऊन झोपावे, सकाळी पुन्हा तपासावी : हा २००१ चा.
• बिअर किंवा गोड सरबत मिसळलेल्या पेयाने साखर आधी वाढलेली दिसते; ती उतरवायला घाईने जादा इन्सुलिन टोचू नये. पहाटे उतरण येते, तेव्हा ती टोचणी महागात पडते.
• ओळखपत्र जवळ असावे, सोबत्याला आजार ठाऊक असावा : हा १९२२ पासूनचा.

२७/
हे केवळ इन्सुलिनपुरते नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या स्वादुपिंडाकडून जास्तीचे इन्सुलिन सोडवून घेतात. या गटातील गोळ्या आपल्याकडे आजही मोठ्या प्रमाणावर घेतल्या जातात. घरातील काका-मामा ‘मी तर नुसत्या गोळीवर आहे’ म्हणून निर्धास्त असतील, तर हा धागा त्यांनाही दाखवा. अजिबात न पिणे सर्वांत सुरक्षित, यात वाद नाही. पिणाऱ्याने मात्र आपल्या डॉक्टरांपासून ते लपवू नये. मात्रेचा हिशेब त्यांना खरी माहिती असेल तरच बसतो.

२८/
शेवटी, हा धागा मधुमेह नसलेल्यांसाठीही आहे. वसतिगृहात, सहलीत, लग्नाच्या वरातीनंतर आपला एखादा मधुमेही मित्र आडवा झाला, तर ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून दिवा मालवू नका. हाक मारा. शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत द्या, साखर तपासा, त्याला एकटे सोडू नका. हाकेला ओ देत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि ‘मधुमेही आहे, इन्सुलिन घेतो, मद्य घेतले आहे’ ही तीनही वाक्ये सांगा. १९६८ च्या त्या निबंधातील माणसांना या गोष्टी वेळेवर मिळाल्या नव्हत्या. त्यांच्यामुळे आज त्या आपल्याला माहीत आहेत.

धागा समाप्त. हा इतिहास आहे, कुणाच्या औषधाची मात्रा नव्हे. ती आपापल्या डॉक्टरांनाच विचारावी. प्रश्न, दुरुस्त्या आणि भर यांचे स्वागत आहे. ज्यांच्या घरी इन्सुलिनची पेटी फ्रिजमध्ये आहे, त्यांच्यापर्यंत हा धागा जरूर पोहोचवा.